आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: मेमरी बिघडवणारा बग कसा शोधायचा

मागे माझ्याकडे एक जुना सी प्रोग्रॅम दुरुस्तीला आला. काम साधं: जिल्हानिहाय याद्या काढायच्या, बेरजा करायच्या, छापायच्या. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला. मग २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, नावांची फाइल बदलली गेली आणि प्रोग्रॅम पडू लागला. तोही नेहमी नाही. एखाद्या विभागाची यादी मागितली की पडायचा, अख्ख्या राज्याची मागितली की शेवटपर्यंत जायचा. आणि पडायचा तो नावं वाचताना नव्हे. सगळं छापून झाल्यावर, बेरजांसाठी घेतलेली मेमरी परत करताना. पडद्यावर संदेश यायचा, ‘डबल फ्री ऑर करप्शन’. बेरजांचं फंक्शन मी दोन दिवस ओळ न ओळ वाचलं. त्यात एकही चूक नव्हती.

मेमरी करप्शनचं दुखणं हेच आहे. नुकसान एका ठिकाणी होतं, प्रोग्रॅम दुसऱ्याच ठिकाणी पडतो, आणि मधे लाखो सूचना निर्धोक चालून गेलेल्या असतात. नवीन माणूस क्रॅश झालेल्या ओळीपाशी बसून राहतो. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: पडण्याच्या जागेवरून बिघाडाच्या जागेपर्यंत मागे कसं जायचं. सी किंवा सी++ थोडंफार येत असेल आणि लिनक्सचं टर्मिनल हाताळता येत असेल तर एवढं पुरे. पर्यायांची आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

कोडला हात लावण्याआधी

प्रोग्रॅम पडला की पहिली ऊर्मी येते ती मधे चार प्रिंटएफ टाकून बघण्याची. ती आवरा. प्रिंटएफ स्वतःसाठी बफर घेतो, त्यामुळे हीपवरची, म्हणजे चालताना मागून घेतलेल्या मेमरीची, मांडणी सरकते, बिघाड दुसऱ्याच कोणाच्या अंगावर जातो आणि बग ‘गेला’ असं वाटतं. तो गेलेला नसतो, फक्त दिसेनासा झालेला असतो, आणि तुमचा एकमेव माग पुसला गेलेला असतो.

त्याऐवजी तीन गोष्टी बाजूला जपून ठेवा: जी बायनरी पडली तीच बायनरी, जो इनपुट दिला तोच इनपुट, आणि कोअर डंप, म्हणजे पडण्याच्या क्षणी मेमरीत जे होतं त्याची फाइल. शेलमध्ये ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ दिलं नसेल तर बऱ्याच यंत्रांवर कोअर फाइल बनतच नाही. सिस्टमडी असलेल्या यंत्रांवर ती ‘कोअरडंपसीटीएल’ने मिळते. नवीन बिल्ड करून जुना कोअर उघडला तर जीडीबी हा डीबगर चुकीच्या ओळी दाखवेल, म्हणून बायनरी आणि कोअर यांची जोडी कधी तोडू नका. बिल्ड करताना ‘-जी’ हा पर्याय कायम ठेवा. डीबग माहितीमुळे फाइल मोठी होते, वेगावर परिणाम होत नाही.

हुकमी पाडता आला पाहिजे

जो बग आपल्या इच्छेने घडवता येत नाही, तो दुरुस्त झाला हेही सांगता येत नाही. म्हणून बाकी काही करण्याआधी तो पुन्हा पुन्हा पाडायला शिका. इनपुट अर्धा करा, पुन्हा अर्धा करा, पडणं टिकतंय तोवर कापत जा. लिनक्स दर वेळी पत्ते बदलून प्रोग्रॅम चालवतो. ‘सेटआर्च -आर’ने ते थांबवता येतं, मग पत्ते दर वेळी तेच येतात. जीडीबीच्या आत हे आपोआप होतं, म्हणूनच काही बग जीडीबीत दिसत नाहीत आणि बाहेर दिसतात.

इथे थोडं गणित लागतं, आणि ते टाळणाऱ्यांची फसगत झालेली मी बरेचदा पाहिली आहे. समजा बग सरासरी २० वेळांत एकदा दिसतो. तुम्ही काहीतरी बदललं, २० वेळा चालवलं, एकदाही पडला नाही. काहीच बदललं नसतं तरी असं होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. ती एक टक्क्यावर आणायची तर ९० वेळा चालवावं लागतं. छोटी शेल स्क्रिप्ट लिहा, शंभर वेळा फिरवा, किती वेळा पडला ते वहीत मांडा. ‘आता बरा चालतोय’ ही नोंद नव्हे.

माझ्या प्रकरणात नशीब चांगलं होतं. यादी छोटी करत करत एकच जिल्हा उरला, छत्रपती संभाजीनगर, आणि प्रोग्रॅम दर वेळी पडू लागला. धाराशिववर कधीच पडला नाही.

बिघडलेले बाइट वाचा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत एका ओळीत उरकलेली असते. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. मेमरीवर चुकून जे लिहिलं गेलं, ते बरेचदा स्वतःच सांगतं की ते कुठून आलं. बाइट ओळखायला शिका. ते सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये, दाखवले जातात. ४१ ४१ ४१ ४१ दिसलं तर ते रोमन अक्षर ए चारदा आहे, म्हणजे कोणाची तरी स्ट्रिंग सांडली. मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमध्ये सीडी सीडी म्हणजे हीपवरून घेतलेली पण अजून न भरलेली मेमरी, आणि डीडी डीडी म्हणजे परत केलेली. आणि ई० ए४ किंवा ई० ए५ पुन्हा पुन्हा दिसलं तर आपल्याला तरी लगेच कळायला हवं: ती देवनागरी आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पहिले दोन हेच असतात.

कोअर फाइल उघडून मी परत होणाऱ्या बेरजांच्या तुकड्याच्या आधीचे बाइट पाहिले. प्रत्येक तुकड्याच्या अगदी आधी त्याच्या आकाराची नोंद ठेवलेली असते. जिथे त्या तुकड्याचा आकार असायला हवा, तिथे होतं: ई० ए४ ए८ ई० ए४ ९७ ई० ए४. पहिले तीन बाइट म्हणजे ‘न’. पुढचे तीन ‘ग’. उरलेले दोन म्हणजे ‘र’चा पहिला भाग. बेरजांच्या तुकड्याच्या कपाळावर ‘नगर’ लिहिलेलं होतं.

आता हिशेब मांडा. नावासाठी मॅलॉकने ३२ बाइट घेतलेले होते आणि त्यात एसटीआरसीपीवायने, जागा किती ते न बघता, नाव ओतलं जात होतं. अक्षरं मोजताना मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं धरायचं. ‘औरंगाबाद’ ८ चिन्हं, २४ बाइट, शेवटचा शून्य धरून २५. ‘सिंधुदुर्ग’ १० चिन्हं, शून्य धरून ३१ बाइट. ‘मुंबई उपनगर’ १० चिन्हं आणि एक मोकळी जागा, शून्य धरून बरोबर ३२. जुन्या नावांतलं एकही यापुढे जात नव्हतं, म्हणून प्रोग्रॅम इतकी वर्षं तरला. ‘छत्रपती संभाजीनगर’ मात्र १६ चिन्हं आणि एक जागा, म्हणजे ४९, शून्य धरून ५०.

तरीही ३३व्या बाइटला लगेच काही होत नाही. ६४ बिटच्या लिनक्सवर ग्लिबसीकडे, म्हणजे मॅलॉक पुरवणाऱ्या सी लायब्ररीकडे, ३२ बाइट मागितले की वापरायला ४० मिळतात, कारण ती तुकडे १६च्या पटीत कापते. पहिले ४० बाइट ‘छत्रपती संभाजी’ने भरले. ४१व्या बाइटपासून शेजारच्या तुकड्याच्या आकाराची नोंद सुरू होते, ती आठ बाइटांची. तिथे ‘नगर’ पडलं. उरलेले दोन बाइट, म्हणजे ‘र’चा शेवटचा बी० आणि शून्य, शेजाऱ्याच्या प्रत्यक्ष मजकुरात गेले.

हे दोन बाइट विसरू नका. शेजारी बेरजांचा ॲरे होता, त्यातला पहिला आकडा आधीच भरलेला. बी० म्हणजे १७६. अख्ख्या राज्याची यादी मागितली की प्रोग्रॅम शेवटपर्यंत जायचा असं मी वर म्हटलं. यादी पूर्ण व्हायची, पण तिच्यात पहिल्या बेरजेच्या जागी ४,२१३ ऐवजी १७६ छापलं जात होतं. त्या वाटेने ॲरे कधी परत केलाच जात नव्हता, त्यामुळे आकाराच्या बिघडलेल्या नोंदीकडे कोणी बघत नव्हतं. मला पडण्यापेक्षा हे जास्त भयंकर वाटतं. पडलेला प्रोग्रॅम निदान आरडाओरडा करतो. चुकीचा आकडा गुपचूप कागदावर जातो आणि त्यावर पुढचे निर्णय होतात.

‘डबल फ्री’ या शब्दांनीही मला भलतीकडे नेलं होतं. दोनदा परत करण्याचा प्रकार इथे झालाच नव्हता. ग्लिबसीला तुकड्याचा आकार अशक्य दिसला आणि तिने ठरलेलं वाक्य छापून प्रोग्रॅम थांबवला. हिशेब तपासणाऱ्यालाच गुन्हेगार समजणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. संदेशाचा अर्थ एवढाच घ्या: हीपचा हिशेब बिघडला आहे, याआधी कधीतरी.

ॲड्रेस सॅनिटायझर

वरचं सगळं मी हाताने केलं कारण बाइट बोलके होते. दर वेळी असं होत नाही, आणि होत असलं तरी पुढचं साधन आधी लावून बघायला हवं. गूगलच्या अभियंत्यांनी बनवलेला ॲड्रेस सॅनिटायझर, लोक ज्याला ए-सॅन म्हणतात, तो क्लँग कंपायलरमध्ये ३.१पासून आणि जीसीसी कंपायलरमध्ये ४.८पासून आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही. कंपाइल आणि लिंक, दोन्ही वेळी ‘-एफसॅनिटाइझ’ या पर्यायाला ‘ॲड्रेस’ ही किंमत द्या, सोबत ‘-जी’, ‘-ओ१’ आणि ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’. फक्त एका फाइलला लावून भागत नाही, जमेल तितका सगळा कोड पुन्हा बिल्ड करा.

त्याचं काम कसं चालतं हे कळलं की त्याच्या मर्यादाही कळतात. मेमरीच्या दर ८ बाइटांमागे तो एक बाइट वेगळ्या जागी ठेवतो, त्यात या आठांपैकी किती वापरायला मोकळे आहेत ते लिहिलेलं असतं. कंपायलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी ही नोंद तपासण्याचा कोड घालतो. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना शेताच्या बांधासारखी निषिद्ध पट्टी सोडली जाते. परत केलेली मेमरी लगेच पुन्हा वापरात न देता बाजूला अडवून ठेवली जाते, सहसा २५६ एमबीपर्यंत, म्हणजे सोडून दिलेल्या पॉइंटरमधून कोणी लिहिलं तर सापडतो. बदल्यात वेग साधारण निम्मा होतो आणि मेमरी काही पट लागते.

आमच्या प्रोग्रॅमवर तो लावला तर पहिल्याच फेरीत थांबला. अहवालात लिहिलं होतं: हीप-बफर-ओव्हरफ्लो, ५० बाइटांचं लेखन, ३२ बाइटांच्या जागेच्या लगेच पुढे. खाली दोन कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याच्या याद्या), एक लिहिणाऱ्याचा आणि दुसरा ती जागा मुळात घेणाऱ्याचा. अहवाल वाचताना पहिली ओळ, पहिल्या स्टॅकमधली तुमच्या स्वतःच्या कोडची सर्वांत वरची ओळ, आणि जागा किती घेतली होती तो आकडा, या तीन गोष्टी आधी बघा. खालचं रंगीत कोष्टक नंतर. वापरून सोडलेल्या मेमरीचा बग असेल तर एक तिसरा स्टॅक येतो, ती कोणी परत केली त्याचा, आणि बहुधा खरी चूक तिथेच असते.

पण ए-सॅन काही ठिकाणी आंधळा आहे. एकाच स्ट्रक्टमधला ॲरे सांडून त्याच स्ट्रक्टच्या पुढच्या फील्डवर गेला तर मधे बांधच नसतो. लेखन इतकं लांब उडी मारून झालं की ते पट्टी ओलांडून दुसऱ्या वैध तुकड्यात पडलं, तर तेही सुटतं. तुमच्या प्रोग्रॅमने स्वतःचा मेमरी पूल बनवला असेल तर त्याला तो अख्खा पूल एकच मोठा तुकडा दिसतो. अशा वेळी पूल बंद करून साधा मॅलॉक वापरून बघा, किंवा पूलमधले मोकळे भाग ए-सॅनला हाताने निषिद्ध म्हणून कळवा, त्यासाठी त्याने मॅक्रो दिलेले आहेत. आणि न भरलेली मेमरी वाचणं त्याच्या कक्षेतच नाही. त्यासाठी क्लँगचा मेमरी सॅनिटायझर किंवा व्हॅलग्रिंड.

पुन्हा बिल्ड करता येत नसेल तर

व्हॅलग्रिंड घ्या. ज्युलियन सिवर्ड यांनी सुरू केलेलं हे साधन आहे ती बायनरी तशीच चालवतं. प्रोग्रॅम १०पासून ५० पट संथ होतो, त्यामुळे लहान इनपुटवरच लावा, आणि ए-सॅनच्या बिल्डवर कधीच लावू नका. ‘ट्रॅक-ओरिजिन्स’ चालू केलं की न भरलेली किंमत कुठून आली तेही सांगतं. स्टॅकवरच्या आणि ग्लोबल ॲरेच्या सीमा मात्र ते ओळखत नाही.

कालचक्र उलटं फिरवणं

समजा दोन्ही साधनांनी काही सापडलं नाही, पण एक विशिष्ट पत्ता बिघडतो एवढं नक्की माहीत आहे. मग त्या पत्त्यावर पहारा बसवा. जीडीबीत ‘वॉच -एल’ दिलं की प्रोसेसर स्वतः लक्ष ठेवतो आणि त्या जागेवर किंमत बदलल्याक्षणी थांबवतो, वेग न गमावता. एक्स८६ प्रोसेसरवर असे पहारेकरी चारच मिळतात, प्रत्येकी जास्तीत जास्त आठ बाइटांसाठी. चारांहून जास्त मागितले तर जीडीबी ते बसवू शकत नाही, आणि पहाऱ्याची जागा फार मोठी असली तर तो एकेक सूचना थांबवत चालतो आणि प्रोग्रॅम रांगू लागतो.

अडचण अशी की बिघडणारा पत्ता आधी कळत नाही, पडल्यावर कळतो. त्यावर मोझिलामध्ये तयार झालेलं आरआर हे साधन आहे, आणि मेमरीचे बग शोधणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वापरून पाहावं असं मला मनापासून वाटतं. ‘आरआर रेकॉर्ड’ने प्रोग्रॅम एकदा पडू द्या. मग ‘आरआर रीप्ले’ने तीच फेरी जशीच्या तशी पुन्हा चालवा, तेच पत्ते, तोच क्रम. पडण्याच्या जागी पोचलात की बिघडलेल्या नोंदीवर पहारा लावा आणि ‘रिव्हर्स-कंटिन्यू’ द्या. प्रोग्रॅम मागे चालतो आणि त्या जागेवर ज्याने शेवटचं लिहिलं तिथे येऊन थांबतो. आमच्या प्रोग्रॅमवर नंतर सहज करून पाहिलं: बेरजा परत करण्याच्या ओळीवरून निघालो, छपाई उलटी गेली, बेरजा उलट्या गेल्या, आणि कर्सर एसटीआरसीपीवायच्या आत येऊन थांबला. एक कमांड. दोन दिवस मी ज्या फंक्शनमध्ये घालवले होते, त्याच्यावरून ती न थांबता निघून गेली.

आरआर लिनक्सवरच चालतं आणि त्याला प्रोसेसरचे कामगिरी मोजणारे काउंटर लागतात. बऱ्याच व्हर्च्युअल मशीनवर ते मिळत नाहीत, म्हणून खऱ्या यंत्रावर बसा. थ्रेड तो आळीपाळीने एकेकच चालवतो, त्यामुळे थ्रेडच्या शर्यतीतून, म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी तीच मेमरी बदलल्याने, येणारा बिघाड लपू शकतो. ‘केऑस’ हा पर्याय दिला तर तो आळी मुद्दाम वेडीवाकडी लावतो. शर्यतीचा संशय पक्का असेल तर थ्रेड सॅनिटायझरचं वेगळं बिल्ड करा, तो ए-सॅनसोबत एका बिल्डमध्ये राहत नाही.

दुरुस्ती

३२ ऐवजी ६४ लिहिलं असतं तर आमचा प्रोग्रॅम त्याच दिवशी चालू झाला असता. तसं करू नका. सुडो या रोजच्या वापरातल्या प्रोग्रॅममधला हीप ओव्हरफ्लो जुलै २०११मध्ये आत आला आणि जानेवारी २०२१मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केला. जवळजवळ दहा वर्षं. नेमका इनपुट मिळेपर्यंत अशी चूक झोपून राहते, मग तो इनपुट नाव बदलल्यामुळे येवो किंवा हल्लेखोराकडून येवो.

लांबी आधी मोजा, तेवढी अधिक एक एवढी जागा घ्या, किंवा एसटीआरडप वापरा. सी++ असेल तर स्ट्रिंग वापरा. एसटीआरएनसीपीवायकडे वळणाऱ्यांना सांगतो: जागा भरली तर तो शेवटचा शून्य लिहीत नाही, म्हणजे पुढचा वाचणारा हद्दीबाहेर जातो. एसएनप्रिंटएफ शून्य लिहितो, पण तोही बाइट मोजून कापतो, अक्षर बघून नाही. ३२च्या जागेत तो ३१ बाइट मजकूर ठेवील. आपल्या नावात ‘छत्रपती ’ला २२ लागतात, उरलेल्या नऊ बाइटांत ‘स’, अनुस्वार आणि ‘भ’ बरोबर मावतात आणि ‘छत्रपती संभ’ छापलं जातं. दुसऱ्या एखाद्या नावात काप अक्षराच्या मधोमध येईल आणि कागदावर चौकट उमटेल. कापायचंच असेल तर अक्षराची सीमा बघून कापा.

दुरुस्तीनंतर स्वतःला विचारा की सगळी लक्षणं या एका कारणाने समजतात का. आमच्याकडे चार होती: विभागाची यादी पडते, राज्याची पडत नाही, धाराशिव चालतं, आणि १७६. यातलं एक जरी उरलं असतं तर दुसरा बग शिल्लक आहे असं धरून मी पुन्हा आरआर उघडलं असतं.

शेवटी चाचणी लिहा आणि ती ए-सॅनच्या बिल्डवर रोज चालवा. आमच्या चाचणीत आता चार नावं आहेत: ‘औरंगाबाद’, बरोबर ३२ बाइट भरणारं ‘मुंबई उपनगर’, त्याच्याच शेवटी एक मात्रा वाढवून मुद्दाम लांबवलेलं ३५ बाइटांचं बनावट नाव, आणि ‘छत्रपती संभाजीनगर’. तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ग्लिबसीच्या ४० बाइटांत ते बिनतक्रार मावतं, जुना कोडही त्यावर कधी पडला नसता, आणि ए-सॅन मात्र तिथेच बोट ठेवतो.